पोरीच्या वजनाची वाळू

आधीच सांगते, माझं शिकणं चौथीपर्यंतचं आहे. कुठे ऱ्हस्व आणि कुठे दीर्घ हे मला शाळेतही कळलं नाही, आता तर विचारूच नये. अक्षरही वाईट आहे. उजव्या हाताची दोन बोटं थंडीत अजून ऐकत नाहीत, त्यामुळे ओळ वर चढते आणि पुढे जाऊन घसरते. ही वही नातीची मागच्या वर्षीची गणिताची आहे. उरलेल्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. कोणाला दाखवायची नाही. तरी चुकून कोणाच्या हाती लागलीच, तर चुका पोटात घालाव्यात.

परवा अंगणात शेंगा निवडत बसले होते. उठले, तर नात बघतच राहिली. म्हणाली, "आजी, तू हात न टेकता कशी उठतीस? शेजारची आजी तर भिंत धरून उठती." मी म्हटलं, "मला एका बाईनं शिकवलंय." ती हसली, "उठायला काय शिकवायचं असतं?" मी शेंगांचं सूप उचललं. मला बोलून सांगता येत नाही, चारचौघांत तर तोंडच उघडत नाही. म्हणून लिहिते.

त्या बाईचं नाव निलम्मा. सगळे तिला अक्का म्हणत.

उस्मानाबादपासून तुटून लातूर वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या होत्या, पण आमच्या चाकूरकडची म्हातारी माणसं सवयीनं उस्मानाबादचं तिकीट काढत आणि कंडक्टर त्यांना लातूरलाच उतरवून देत. पाऊस पडला नव्हता. मी आणि आमचे मालक दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडत होतो. पाणी टँकरचं. ते पिऊन गावात पुष्कळांना जुलाब लागले, मलाही लागले. सगळ्यांचे थांबले तसे माझेही थांबले. पण पंधरा दिवसांनी माझ्या पायांना मुंग्या आल्या, मग पाय गेले, मग हात. चार दिवसांत माझं गाठोडं झालं.

लातूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, नसांना सूज आहे, जीव वाचला, आता ताकद हळूहळू येईल. किती येईल ते सांगता येत नाही. माझी मंगल तेव्हा सव्वा वर्षाची होती. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी सरळ सांगितलं, "मी एकीलाच उचलू शकते. पोरीला ठिवते, हिला हिच्या भावाकडं ठिवा." भाऊ गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचा, दवाखान्याजवळ त्याची एक खोली होती. मी तिथं राहिले आणि मंगल गावाकडं राहिली.

दवाखान्याच्या मागं पत्र्याची एक लांब खोली होती. आत दोन समांतर लोखंडी दांडे, एक चाक, भिंतीला दोऱ्या, एक लाकडी जिना जो कुठंच जात नव्हता. व्यायामाचं शिकलेले साहेब आठवड्यातून दोन दिवस बाहेरून येत. बाकीचे दिवस खोली अक्काची. कागदावर ती आया होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, खाली वाकली की ती डबी लोंबायची, म्हणून वाकायच्या आधी ती पदरात खोचायची. माहेर उदगीरच्याही पलीकडं, घरात कानडी. बुटकी होती, पण मनगटं गड्यासारखी.

पहिल्या दिवशी भावानं मला पाठुंगळी मारून नेलं आणि म्हणाला, "मावशी, हिची मालीश करायची हाय."

"मालीशवाला गोलाईच्या बाजारात बसतो," ती म्हणाली. "तेल बी त्याच्यापाशीच हाय. हितं मेहनत असती."

"अहो, पर हिला हात बी उचलंना."

"मग हात न्हाई उचलायचा आज. बोट उचलायचं."

तिनं मला चटईवर निजवायला लावलं आणि डोक्याशी उकिडवी बसली. दोन्ही हात स्वतःच्या पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं. पुढे मी बघितलं, पेशंट मेहनत करत असला की ती अशीच असायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "माझे हात लई वंगाळ हायती. फुडं आले की पेशंटचा पाय आळशी होतो." पण माणूस खरंच पडायला लागलं, की ते हात कधी पुढे आले हे कोणाला कळायचं नाही. मी पाच महिने रोज त्या खोलीत गेले. तिच्यासमोर एकही माणूस जमिनीवर आपटलेला मी पाहिला नाही, आणि वेळेच्या आधी तिनं कोणाला धरलेलंही पाहिलं नाही.

त्या दिवशी तिनं मला विचारलं, "काय करायचंय तुला?"

मला वाटलं कोणतं दुखणं ते विचारते आहे. मी नुसतं पायांकडं बघितलं.

"बरं होऊन काय करायचंय? आप्पांना दुकानात बसायचंय, त्या मास्तरला फळ्यावर लिवायचंय. तुला काय करायचंय?"

मी कसंबसं म्हटलं, "पोरीला कडेवर घ्यायचंय."

"केवढी हाय?"

"सव्वा वर्साची."

"मग तुला जमिनीवरनं उठता आलं पायजे," ती म्हणाली. "पोर जमिनीवर असती, माय. आभाळात न्हाई."

ते तिनं धरून ठेवलं. डॉक्टर मला विसरायचे, भाऊ कामाला जायचा, मी स्वतःसुद्धा कधी कधी नुसतं पडून राहावं असं म्हणायचे. अक्का विसरली नाही.

तिचं मोजणं कानडीत असायचं. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. मला काही कळत नसे. मी पाय उचलायची, ती मोजायची, "हत्तु" म्हणाली की थांबायचं एवढंच ठाऊक होतं. एक दिवस शेजारच्या चटईवरच्या मुलाची आई, निलंग्याकडची, कानडी समजणारी बांगडीवाली, पोट धरून हसायला लागली.

"अगं बाई, ही तुला फशीवायली! साताच्या फुडं आठ येतंय का न्हाई? ही साताहून परत पाचावर यायली!"

मी अक्काकडं पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दहा म्हणत म्हणत मी रोज सोळा-सतरा वेळा पाय उचलत होते.

अक्काला काहीच वाटलं नाही. "मराठीत मोजलं की तुमी समदे आठावरच दमताव," ती म्हणाली. "दहा जवळ आलं म्हणून दमताव. पायाला कुठं आकडे कळतेत? दम डोक्याला लागतो." मग बांगडीवालीकडं वळून, "आन् तू गं, बांगड्या मोजताना डझनात अकरा भरतीस, ते मी सांगू का समद्यांला?"

सगळी खोली हसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं मला मराठीत मोजायला सुरुवात केली आणि खरंच मी आठावर दमले. तिसऱ्या दिवशी मीच खाली मान घालून म्हटलं, "अक्का, कानडीतच मोजा."

ती ज्यांना आप्पा म्हणाली ते गंजातले एक मोठे अडते होते, माझ्याच दिवशी पहिल्यांदा आलेले. लकव्यानं त्यांची एक बाजू गेली होती. मोटारीतून येत आणि बरोबर एक नोकर असे. नोकर त्यांना उचलून दांड्यांपाशी उभं करी, पाणी पाजी, तोंड पुशी. तेही लिंगायत, त्यामुळे पहिल्या दिवशी अक्कानं हात जोडून "शरणु आप्पा" म्हटलं. आप्पांना वाटलं, आता आपलं माणूस आहे. म्हणाले, "तू घरीच येत जा. पगाराच्या दुप्पट देतो."

"घरी मेहनत हुईना, आप्पा. घरी तुमी मालक." मग तिनं नोकराला सांगितलं, "तू भाईर लिंबाखाली बस." आणि पाण्याचा तांब्या उचलून दांड्यांच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.

उन्हाळा होता. आप्पा तासभर उभेच. शेवटी ओरडले, "मी कलेक्टरला सांगून तुझी नोकरी घालवीन!"

"सांगा की," अक्का म्हणाली. "हापीस नवंच झालंय, लांब बी न्हाई. पर चालत जाऊन सांगा. मोटारीतनं जाऊन सांगितलं तर मी ऐकायची न्हाई."

त्या दिवशी त्यांनी पाणी प्यायलं नाही. दुसऱ्या दिवशी तीन पावलं चालून तांब्या घेतला आणि निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. अडीच महिन्यांनी एकदा ते काठी टेकत खोलीत आले, घामानं भिजलेले. "जाऊन आलो," म्हणाले.

"कुठं?"

"कलेक्टर हापिसात. पायऱ्या चढून."

"मग? सांगितलाव का?"

"वर गेल्यावर काय सांगायचं तेच इसरलो," आप्पा म्हणाले. अक्का तोंडाला पदर लावून वळली. ती हसली का आणखी काही, ते मला दिसलं नाही.

शिकलेले साहेब मनानं चांगले होते. वयानं लहान. त्यांच्याकडं छापील कागद होता, त्यावर खुर्चीवरून उठायची चित्रं. मला दांडे धरून उभं राहता यायला लागलं तेव्हा त्यांनी मला लाकडी खुर्चीवर बसवलं आणि उठायला सांगितलं. आठ दिवसांत मी खुर्चीवरून उठायला लागले. साहेब खूश झाले. कागदावर लिहून म्हणाले, "हिला आता घरी पाठवायला हरकत नाही."

अक्का कोपऱ्यात पट्ट्या गुंडाळत होती. तिनं मला विचारलं, "घरी खुर्ची हाय का गं?"

"न्हाई."

"चूल कुठं हाय?"

"खाली."

"परसाकडं कुठं जातीस?"

मी लाजून मान खाली घातली.

"साहेब," अक्का म्हणाली, "हिचं समदं जमिनीवर हाय. खुर्चीवरनं उठून ही काय करंल? सरपंच हुईल?"

मला वाटलं साहेब रागावतील. त्यांनी कागद खिडकीत ठेवला. मग खुर्ची बाजूला सरकवली, पँट सावरून स्वतः खाली उकिडवे बसले आणि म्हणाले, "दाखव अक्का, कसं ते." तिनं त्यांना दाखवलं. "उठायचं म्हंजे वर जायचं न्हाई. आधी फुडं जायचं. छाती गुडघ्याच्या फुडं आली की जमीन आपोआप सोडती." साहेब दोनदा बसले, दोनदा उठले, तिसऱ्यांदा मागं पडले. तेव्हा अक्काचे हात पुढे आले.

मग वाळू आली.

अक्कानं मालकांना निरोप धाडला, पोरीचं वजन करून कळवा. निरोप नेणारे-आणणारे आमच्या गावच्या एस.टी.चे कंडक्टर. मालकांनी मंगलला दुकानातल्या ज्वारीच्या काट्यावर बसवलं आणि कंडक्टरनं दवाखान्यात येऊन दारातूनच ओरडून सांगितलं, "आठ किलो आन् वर थोडं!" अक्कानं जुन्या चादरीची पिशवी शिवली, तिच्यात तेवढी वाळू भरली, तोंड शिवून टाकलं आणि पिशवी माझ्यासमोर जमिनीवर ठेवली.

"ही तुझी पोर. उचल."

मला ती हलवताही आली नाही.

"बघ माय," ती म्हणाली, "पोर काय तुझ्यासाठी थांबायची न्हाई. रोज जड हुयालीय. तू तिच्या फुडं पळायचंस."

दर महिन्याला वजन यायचं. अक्का शिवण उसवायची, मुठीनं वाळू घालायची आणि परत शिवायची. मी आधी पिशवी नुसती मांडीवर ओढून घ्यायला शिकले. मग बसल्या बसल्या उचलायला. मग कडेला लावून गुडघ्यावर यायला. रात्री भावाच्या खोलीत निजले की वाटायचं, मंगल आता कशी दिसत असेल. पण डोळ्यांपुढं पिशवीच यायची.

एका महिन्यात कंडक्टर दारात आले आणि ओरडले नाहीत. जवळ येऊन हळू म्हणाले, "कमी भरली. आठ किलोच्या बी खाली." गावात टँकर दोन दिवसाआड यायला लागला होता, म्हैस विकली होती, पोरीला ताप येऊन गेला होता.

मी तिथंच रडायला लागले. मग मलाच कसली बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हटलं, "अक्का, वाळू काढा थोडी. माझी पोर एवढी न्हाई आता."

अक्कानं पिशवी दोन्ही हातांनी उचलून स्वतःच्या छातीशी धरली. इतक्या दिवसांत पेशंटच्या वाटणीचं वजन तिनं स्वतः वागवलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

"वाळू निघायची न्हाई," ती म्हणाली. "पोरगी भरून काढंल. तवर आपण ही वागवायची. आज मी वागवते, उद्या तू."

त्या दिवशी ती पिशवी घेऊनच खोलीभर फिरली. आप्पांना तिनं तसंच चालवलं, बांगडीवालीच्या मुलाचा गुडघा तसाच वाकवला. दुसऱ्या दिवशी मी ती पिशवी कडेवर घेऊन जमिनीवरून उठले. पाय थरथरत होते, पण उठले. अक्काचे हात मागंच होते. तिनं नाकानं मोठा श्वास सोडला.

पाच महिने झाले होते. आता एकच अडचण उरली होती. चालताना माझं पाऊल वर उचललं जात नसे, अंगठा घासायचा. आतून लोखंडी पट्टी असलेले बूट लागत. अक्काच्या ओळखीच्या चांभारानं एकशेवीस रुपये सांगितले. मालक आणि भाऊ एकमेकांकडं बघायला लागले. अक्कानं ते पैसे भरून टाकले आणि मला म्हणाली, "फुकट दिले असं समजू नको. म्हैन्याला धा रुपये. मनीआर्डर चालायची न्हाई. कुणाच्या हाती धाडलं तर परत धाडीन. ष्टँडावरनं हितवर आपल्या पायानं यायचं आन् द्यायचं."

असे माझे हप्ते सुरू झाले. गेल्यावर ती आधी खिडकीतून माझी चाल बघायची, मग पैसे घ्यायची. एकदा फार ऊन होतं म्हणून मी रिक्षा केली. ती दारात उभीच होती. "आज हप्ता घेत न्हाई," म्हणाली आणि आत गेली. मी परत स्टँडवर गेले, तिथून चालत आले, तेव्हा दहाची नोट तिनं घेतली.

दुसऱ्या हप्त्याच्या वेळी मी न विचारता बोलले. मी कधी बोलत नाही, म्हणून तीही हातातलं काम टाकून ऐकायला लागली. मी सांगितलं, मंगल माझ्याकडं येत नाही. मला ओळखतच नाही. मी उचलायला गेले की किंचाळते, सासूबाईंच्या लुगड्यात तोंड घालते. एवढी ताकद आणून काय उपयोग झाला?

अक्का म्हणाली, "वाळू तरी पहिल्या दिवशी आली होती का तुझ्याकडं?"

"न्हाई."

"मग? उचलाय जाऊ नको. तिच्यापाशी जमिनीवर बस. हात मागं ठिव. तिची ती येऊ दे."

मी तसंच केलं. ज्वारी निवडायची ती तिच्यासमोर बसून, भाकरी थापायची ती तिच्यासमोर. हात पुढे करायचे नाहीत. हे त्या मेहनतीपेक्षा अवघड होतं. पाऊस आला, पिकं उभी राहिली, माझे सात-आठ हप्ते गेले. एके दिवशी मी चुलीपाशी बसले होते, आणि मागून येऊन ती माझ्या खांद्याला लोंबकळली. मी हलले नाही. मग तिनंच म्हटलं, "घे." सासूबाई दारातून बघत होत्या. मी तिला कडेवर घेतली आणि उठले. सासूबाई म्हणाल्या, "आता हिला मी न्हाई उचलत, जड झाली लई." एवढं बोलून त्या बाहेर गेल्या.

अकरा हप्ते दिले. बारावा मी दिला नाही. दहाची नोट ज्वारीच्या डब्यात होती. पैशाची ओढाताण नव्हती. पण तो दिला की अक्काकडं जायचं काही कारणच राहणार नव्हतं, आणि कारण नसताना कोणाकडं जाणं मला जमत नाही. दोन महिने गेले. तिसऱ्या महिन्यात भर बाजाराच्या दिवशी कंडक्टरनं भरल्या गाडीतून मला हाक मारली, "ओ बाई! अक्का म्हणायल्या, हप्ता थकला! गावाची अब्रू घालवताव का?" सगळी गाडी खिडकीतून बघायला लागली.

मी मंगलला घेऊन गेले. स्टँडवरून निम्मी वाट ती चालली, निम्मी माझ्या कडेवर. अक्का पत्र्याच्या खोलीच्या व्हरांड्यात होती. कशी आहेस वगैरे काही नाही.

"बस," म्हणाली.

मी फरशीवर बसले. मंगल दांड्यांकडं पळाली होती.

"बोलाव तिला."

मी हाक मारली. मंगल आली. तीन वर्षांची होत आलेली, चांगली भरलेली. मी तिला कडेला घेतलं, पाय पुढे घेतला, छाती पुढे नेली आणि उठले. अक्का माझ्या तोंडाकडं नाही, पावलांकडं बघत होती. बराच वेळ बघत होती.

"डावा पाय अजून आळशी हाय," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

मी नोट तिच्या हातावर ठेवली. तिनं ती घडी करून कमरेच्या पिशवीत घातली.

"फिटले," म्हणाली.

मला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "येते, अक्का."

"येते काय?" तिनं बोट वर केलं. "दुसऱ्याच्या घरनं निघताना येते म्हणत्यात. हितनं निघताना तसं म्हणायचं न्हाई. जाते म्हण."

आपल्यात बाईमाणूस 'जाते' असं कधी म्हणत नाही. माझी जीभ वळेना. ती दारात वाट बघत उभी राहिली. आतून कोणीतरी तिला हाक मारत होतं, तरी ती हलली नाही.

"जाते, अक्का," मी म्हटलं.

"हां. जा, माय," ती म्हणाली, लिंगाची डबी पदरात खोचली आणि आत गेली. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. मी मंगलला कडेवर घेऊन स्टँडकडं चालायला लागले. एकशेवीस रुपये पुरे फिटले होते.